चंद्राचे वेडे आणि चंद्राचे विक्रेते

२०१२ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथील चित्रपट-महोत्सवांत सायमन एनिस या दिग्दर्शकाचा 'ल्यूनर्सी!' नांवाचा एक माहितीपट प्रथम दाखविण्यांत आला. चंद्राच्या नादीं लागलेल्या माणसांची ती एक चित्रमालिका आहे. इंग्रजी भाषेंत वेडाला जो एक शब्द आहे तो चंद्राच्या लॅटिन नांवावरून निघालेला आहे. त्या शब्दावर कोटी करून चित्रपटाचें हें नांव बनविलें असून या नांवांतच त्याची सारी भूमिका सांठविलेली आहे. चंद्राचा नाद म्हणजे एक प्रकारचें वेड. वेड म्हटलें कीं त्याला कांहींसें हंसावें, कांहींसें गोंजारावें, आणि शेवटीं व्यक्ति तितक्या प्रकृति असें म्हणून घरची वाट धरावी, एवढीच अपेक्षा हा चित्रपट प्रेक्षकांकडून करतो. चित्रपट कंटाळवाणा नाहीं, आणि त्यांतील विनोद कोणाचें मन दुखवील असाहि नाहीं. आमची तक्रार त्याच्या तराजूविषयीं आहे. त्यानें सोनें आणि शिसें एकाच पारड्यांत घालून दोहोंचें वजन सारखेंच कौतुकानें वाचून दाखविलें आहे.

कोणी विचारील, इतक्या वर्षांपूर्वींच्या चित्रपटावर आतां लेखणी उचलण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, चित्रपट होता तेथेंच राहिला, पण ज्या गोष्टीला त्यानें हंसून सोडून दिलें ती गोष्ट मात्र त्यानंतर पुष्कळ पुढें सरकली. २०१२ सालीं जी थट्टा होती तिच्याच जातीचा विचार २०१५ सालीं एका बलाढ्य राष्ट्राच्या कायद्यांत शिरला, २०२० सालीं अनेक राष्ट्रांच्या करारनाम्याचें कलम झाला, आणि २०२३ सालीं त्या करारनाम्यावर आपल्या देशाचीहि सही झाली. प्रेक्षक अद्याप हंसतच आहेत, ही आमच्या मतें काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

चित्रपटांतील मंडळींपैकीं तिघांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. पहिले अमेरिकेंतील डेनिस होप हे गृहस्थ. पूर्वीं हे बोलक्या बाहुल्यांचे, म्हणजे शब्दभ्रमाचे खेळ करीत असत. १९८० सालीं त्यांनीं आपण चंद्राचे मालक झाल्याचें जाहीर केलें, तसें पत्र संयुक्त राष्ट्रसंघास पाठविलें, आणि उत्तर आलें नाहीं तेव्हां मौन हीच संमति असें धरून चंद्राच्या जमिनीचे तुकडे पाडून ते विकावयास आरंभ केला. एकराला सुमारें २० डॉलर असा भाव, आणि सोबत छापील खरेदीखत. दुसरे ॲलन बीन. १९६९ च्या नोव्हेंबरांत अपोलो-१२ या यानांतून जाऊन चंद्रावर पाऊल ठेवणारे ते चौथे मानव होत. १९८१ सालीं त्यांनीं अवकाशखात्याची नोकरी सोडली, हातीं कुंचला घेतला, आणि २०१८ सालीं निधन पावेपर्यंत चंद्राचीं चित्रें काढण्यांतच आयुष्य वेंचलें. तिसरा एक तरुण. पृथ्वी कायमची सोडून चंद्रावर घर करणारा पहिला माणूस आपणच व्हावयाचें असा त्याचा संकल्प असून सारें जीवित त्यानें त्या संकल्पाला वाहिलें आहे.

हे तिघेहि चंद्राचे वेडे, असें चित्रपट सुचवितो, आणि आमचा वाद येथेंच सुरू होतो. ज्याला चंद्रानें धरलें आहे तो, आणि ज्यानें चंद्राला धरलें आहे तो, या दोघांची जात एक कशी मानावी? तरुणाचें स्वप्न कदाचित् कधींच सफल होणार नाहीं. पण तें असफल झालें तर तोटा त्याचा एकट्याचा. बीन यांच्या चित्रांनीं चंद्र कोणाच्याहि वांट्यास कमी आला नाहीं, उलट थोडा अधिकच आला. विक्रेत्याची गोष्ट वेगळी आहे. जें सर्वांचें आहे, किंवा खरें सांगावयाचें तर जें कोणाचेंच नाहीं, त्यावर आपली पाटी लावून तें तुकड्यातुकड्यांनीं विकणें याला वेड हें नांव देणें म्हणजे वेडाचीहि बदनामी करणें होय. वेडांत स्वार्थाचा हिशेब नसतो. येथें तर एकराएकराचा हिशेब आहे.

आपल्याकडे चंद्राचा संबंध वेडाशीं न जोडतां मनाशीं जोडला गेला. विराट् पुरुषाच्या मनापासून चंद्र जन्मला असें वैदिक सूक्तकार सांगतो, आणि ज्योतिषी अजूनहि चंद्राला मनाचा कारक मानतात. आमचे कीर्तनकार बाळ रामाच्या हट्टाची जी कथा रंगवून सांगतात, तीहि या ठिकाणीं विचार करण्यासारखी आहे. रामानें चंद्र मागितला, कोणाचेंच कांहीं चालेना, तेव्हां त्याच्या हातीं आरसा देण्यांत आला आणि आरशांतलें बिंब पाहून तें मूल संतुष्ट झालें. या कथेंत राजाच्या पोराला बिंब मिळालें, आणि चंद्र मात्र आकाशांतच राहिला. त्यामुळें रंकाच्या अंगणांतला चांदोमामा कोणी उचलून नेला नाहीं. आजच्या विक्रेत्यांच्या गिऱ्हाइकालाहि वस्तुतः बिंबच मिळतें. अंतर एवढेंच कीं, रामाला आरसा आरसा म्हणूनच दिला होता, आणि गिऱ्हाइकाला कागद हा जमीन म्हणून दिला जातो. लग्नाच्या वाढदिवसाला चंद्रावरचा भूखंड भेट दिल्याच्या बातम्या आपल्या इकडच्या वृत्तपत्रांतहि अधूनमधून झळकतात, आणि त्या छापणाऱ्यांना या खरेदीखताची कायद्याच्या दृष्टीनें किंमत काय, एवढाहि प्रश्न सुचत नाहीं.

तो प्रश्न येथें सोडवून टाकूं. १९६७ च्या जानेवारींत वॉशिंग्टन, लंडन व मॉस्को या तीन ठिकाणीं एकाच वेळीं सह्यांसाठीं ठेवलेला अवकाश-करार हा या विषयांतील मूळ कायदा होय. अमेरिका, रशिया, चीन व भारत हे सर्व देश त्यानें बांधलेले आहेत. अवकाशाचा शोध व उपयोग हें साऱ्या मानवजातीचें क्षेत्र आहे असें त्याचें पहिलें कलम सांगतें. चंद्रावर सार्वभौमत्वाचा दावा करून, त्याचा उपयोग किंवा वहिवाट करून, अथवा दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कोणतेंहि राष्ट्र तो आपल्या मालकीचा करूं शकणार नाहीं, असें दुसरें कलम सांगतें. यावर होप यांचा युक्तिवाद असा कीं, मनाई राष्ट्रांना आहे, व्यक्तींना नाहीं. युक्तिवाद वरवर चतुर दिसतो. पण त्याच कराराचें सहावें कलम वाचलें कीं तो कोसळतो. आपल्या प्रजाजनांनीं अवकाशांत चालविलेल्या उद्योगांस संमति देणें व त्यांवर सतत देखरेख ठेवणें, ही जबाबदारी त्या कलमानें त्या त्या राष्ट्रावर टाकली आहे. जी मालकी राष्ट्राला स्वतःलाच मिळूं शकत नाहीं ती तें राष्ट्र आपल्या प्रजाजनाला कोठून देणार? जमिनीची मालकी ही अखेर कोणत्या तरी राज्यसत्तेच्या दप्तरांतूनच निघते. ज्या गांवाला पाटील नाहीं, तलाठी नाहीं आणि चावडीहि नाहीं, त्या गांवचा सातबारा कोणीं व कशाच्या आधारानें लिहावा?

होप हे या दाव्याचे आद्य पुरुषहि नव्हेत. १९५४ सालीं चिली देशांतील तालका गांवीं हेनारो गाहार्दो वेरा या वकिलानें चंद्राची मालकी आपल्या नांवें नोंदविली होती. तेव्हां १९६७ चा करार झाला नव्हता, इतकेंच काय, पृथ्वीवरून एक कृत्रिम उपग्रहहि सुटला नव्हता. त्या काळांत असल्या नोंदणीला गंमत म्हणणें शोभून गेलें असतें. करार झाल्यावर, माणूस चंद्रावर जाऊन आल्यावर आणि तेथील जिन्नसांची किंमत ठरूं लागल्यावर तिला गंमत म्हणणें शोभत नाहीं.

आतां ॲलन बीन यांच्याकडे वळूं. कारण चंद्राचें वेड खरोखर कसें असतें हें पाहावयाचें तर तें येथें आहे. हा मनुष्य चंद्रावर सुमारें ३१ तास राहिला आणि त्यांपैकीं पावणेआठ तासांच्या आसपास त्यानें प्रत्यक्ष पृष्ठभागावर काम केलें. अवकाशवीरास मिळणारें आपलें रुपेरी पदकचिन्ह त्यानें तेथल्या एका विवरांत टाकून दिलें. परतल्यावर १९७३ सालीं स्कायलॅब या अवकाशस्थानकांत त्यानें ५९ दिवस काढले, आणि पुढें यानें चालविण्याची संधि समोर असतांहि चित्रकलेसाठीं ती सोडली. त्याच्या चित्रांच्या रंगलेपावर चंद्रावर वापरावयाच्या हातोड्याचे व बुटांच्या तळव्यांचे ठसे आहेत, आणि त्याच्या पोषाखावरील चिन्हांचे चंद्रधूळ लागलेले बारीक तुकडे त्यानें रंगांत मिसळले आहेत. चंद्र तर करडा. तेथें रंग नाहीं, वारा नाहीं, ओलावा नाहीं. त्या करड्या भूमीवर जांभळा, नारिंगी, हिरवा रंग चढवावा कीं नाहीं, या प्रश्नाशीं तो वर्षानुवर्षें झगडला. पाहिलें तें जसेंच्या तसें सांगावें कीं पाहतांना मनाला वाटलें तें सांगावें, हा साऱ्या कलावंतांचा जुना प्रश्न त्याच्यापुढें एका अगदीं नव्या ठिकाणीं उभा राहिला. या झगड्याला चित्रपटांत जागा मिळाली आहे, पण ती एका हौशी म्हाताऱ्याच्या छंदाला मिळावी तितकीच. चंद्रावरून आलेला मनुष्य तेथून मालकी आणीत नाहीं, प्रश्न आणतो, हें या चित्रपटानें ठळकपणें सांगावयास पाहिजे होतें.

अपोलोच्या मोहिमा केवळ प्रेमापोटीं निघाल्या नव्हत्या हें आम्हांस ठाऊक आहे. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांची स्पर्धा हेंच त्यांचें मुख्य इंधन होतें. तरीहि त्या स्पर्धेच्या ऐन भरांत एक मर्यादा पाळली गेली. १९६९ सालीं अमेरिकेचा ध्वज चंद्रावर रोवला गेला, आणि त्या ध्वजारोहणानें कोणतीहि मालकी सांगितली जात नाहीं असें अमेरिकेच्या कायदेमंडळानेंच त्याच वर्षीं लेखी स्पष्ट केलें. अपोलो-११, १४ व १५ च्या प्रवाशांनीं तेथें खास प्रकारचे आरसे ठेवले. पृथ्वीवरील कोणत्याहि देशाची समर्थ वेधशाळा त्यांवर प्रकाशाचा झोत सोडून तो परत टिपूं शकते, आणि चंद्र दर वर्षीं सुमारें ३·८ सेंटिमीटर आपल्यापासून दूर जात आहे हें त्या आरशांमुळेंच इतकें अचूक मोजतां आलें. सहा स्वाऱ्यांनीं मिळून ३८२ किलो दगडमाती आणली, आणि तींतील कण शंभरांहून अधिक राष्ट्रांना भेट म्हणून देण्यांत आले. त्या भेटीची निगा सर्वांनींच राखली असें नाहीं. आयर्लंडचा कण १९७७ सालीं डब्लिनजवळच्या डन्सिंक वेधशाळेला आग लागली तेव्हां राडारोड्याबरोबर उकिरड्यांत गेला. होंडुरासचा कण चोरबाजारांत ५० लाख डॉलरांना विकावयास निघाला असतां अमेरिकन अधिकाऱ्यांनीं १९९८ सालीं सापळा रचून पकडला, व पुढें तो होंडुरासला परत मिळाला. परंतु ज्या काळांत चंद्राचा दगड ही राष्ट्रांनीं एकमेकांस द्यावयाची भेट होती, त्या काळाची वृत्ति निराळी होती, एवढें यावरून दिसून येतें.

ती वृत्ति कशी पालटली तें पाहा. २०१५ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेनें कायदा केला कीं, अमेरिकन नागरिकानें अवकाशांतून जो जिन्नस मिळविला असेल तो त्याच्या मालकीचा, आणि तो त्यानें खुशाल बाळगावा, वाहावा व विकावा. त्याच कायद्यांत आम्ही सार्वभौमत्वाचा दावा करीत नाहीं असेंहि म्हणून ठेवलें आहे. पुढें लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती व जपान यांनींहि याच धर्तीचे कायदे केले. २०२० च्या एप्रिलांत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं हुकूम काढला कीं, अवकाश ही सर्वांची सामायिक मिळकत आहे असें अमेरिका मानीत नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत 'आर्टेमिस करारनामा' आला. चंद्रावरून द्रव्यें काढून घेणें म्हणजे स्वभावतःच चंद्राची मालकी घेणें नव्हे, असें त्यांत म्हटलें आहे, आणि प्रत्येकानें आपल्या कामाभोंवतीं 'सुरक्षाक्षेत्र' जाहीर करावें अशी सोयहि त्यांत आहे. डिसेंबरांत अमेरिकेच्या अवकाशखात्यानें चंद्रावरील मूठभर माती विकत घेण्यासाठीं चार कंपन्यांची निवड केली. त्यांपैकीं एकीनें मागितलेली किंमत होती १ डॉलर!

हा एक डॉलर वाचकांनीं नीट पाहावा. ५० ते ५०० ग्रॅम मातीची ती किंमत नव्हे. चंद्राची माती विकली जाऊं शकते, या तत्त्वाची ती किंमत आहे. कायद्यांत पायंडा हीच वस्तु मोलाची असते, आणि पायंडा पाडण्यासाठींच हा सौदा होता, हें त्या खात्यानें लपविलेंहि नाहीं. होपसाहेब एकराला २० डॉलर घेतात, तेव्हां आम्ही त्यांना हंसतों. सरकार मुठीला १ डॉलर देऊं करतें, तेव्हां आम्ही त्याला दूरदृष्टि म्हणतों. दोहोंतील भेद आम्ही नाकारीत नाहीं. एक दावा जमिनीचा आहे, दुसरा तींतून काढलेल्या द्रव्याचा. पहिल्याला कायद्याचा आधार नाहीं, दुसऱ्याला निदान कांहीं राष्ट्रांच्या कायद्याचा आहे. पण दोहोंच्या मुळाशीं असलेला विचार सख्ख्या भावंडांचा आहे: ज्याला कोणी धनी नाहीं त्याचा पहिला हात मारणारा धनी.

यावर कायदेपंडितांचें ठरलेलें उत्तर असतें. समुद्र कोणाचाच नाहीं, तरी कोळ्यानें धरलेला मासा कोळ्याचाच. मग चंद्रावरून काढलेलें पाणी काढणाऱ्याचें कां नसावें? दृष्टांत मोठा मोहक आहे. परंतु तो चंद्राला लागू पडत नाहीं. मासे पुन्हां पैदा होतात. चंद्रावरचें बर्फ होत नाहीं. चंद्राचा आंस केवळ दीड अंशाच्या आसपास कललेला असल्यामुळें त्याच्या ध्रुवांजवळील कांहीं विवरांच्या तळाशीं सूर्यकिरण कधींच पोंचत नाहींत, आणि त्या चिरंतन अंधारांत तें बर्फ युगानुयुगें सांठून राहिलें आहे. शेजारच्याच कांहीं मोजक्या कड्यांवर वर्षांतील बहुतेक काळ ऊन असतें. पाणी खालीं आणि ऊन वर, अशा जागा चंद्रावर फार थोड्या. ज्याचें यंत्र तेथें आधीं उतरेल तो भोंवतीं सुरक्षाक्षेत्र आंखील. आणि आंखलेल्या रेषेची वहिवाट व्हावयास किती काळ लागतो, हें बांध कोरणारा शेजारी ज्याला लाभला आहे अशा कोणत्याहि शेतकऱ्याला विचारावें. शिवाय समुद्राचाच दाखला द्यावयाचा तर तो अर्धा कां द्यावा? मासा कोळ्याचा खरा. पण खोल समुद्राच्या तळाशीं असलेलें धातुद्रव्य मानवजातीचा सामायिक वारसा म्हणून १९८२ च्या समुद्रकायद्यानें घोषित केलें, आणि त्याच्या वांटपासाठीं जमैकांतील किंग्स्टन येथें एक आंतरराष्ट्रीय संस्था बसविली. ती व्यवस्था निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण याच व्यवस्थेंतून भारताला मध्य हिंदी महासागरांत ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रांत धातुपिंडांचा शोध घेण्याचा हक्क रीतसर मिळाला आहे. बलाढ्य नसलेल्यांच्या पदरांतहि कांहीं पडावयाचें असेल तर तें अशाच व्यवस्थेंतून पडेल. धांवण्याच्या शर्यतींतून पडणार नाहीं.

दुसरें उत्तर अधिक सरळ आहे. नफ्याची हमी नसेल तर तेथें जाणार कोण? या प्रश्नाला इतिहासानें आधींच उत्तर दिलें आहे. ज्या बारा मानवांनीं चंद्रावर पाऊल ठेवलें ते सर्व १९६९ ते १९७२ या काळांत, सातबाऱ्यावांचून गेले होते. आपलें चंद्रयान-१ हें २००८ सालीं गेलें तें अमेरिकेचें एक उपकरणहि बरोबर घेऊन, आणि चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचा जो पुरावा २००९ सालीं जगापुढें आला तो या सहकार्यांतून. पुढेंमागें तेथें राहून काम करणाऱ्यांना पाणी, हवा व इंधन तेथेंच काढावें लागेल हें आम्हांसहि मान्य आहे. प्रवाशानें वाटेवरच्या झऱ्याचें पाणी प्यावें, यांत कोणाची ना नाहीं. झऱ्याला कुंपण घालून तिकिटें लावावीं कीं नाहीं, हा वादाचा विषय आहे.

तिसरें उत्तर सर्वांत रोकडें: चंद्र हा मेलेला दगड, त्याला विकलें काय, खणलें काय, कोणाचें बिघडतें? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतल्याच नाव्हाहो या आदिवासी लोकांनीं दिलें आहे, आणि तें ऐकण्यासारखें आहे. यूजीन शूमेकर हे भूशास्त्रज्ञ चंद्रविवरांचे मोठे अभ्यासक. स्वतः चंद्रावर जावें ही त्यांची उत्कट इच्छा, पण ॲडिसनच्या विकारामुळें ती अपुरी राहिली; तेव्हां त्यांनीं चंद्रावर जाणाऱ्यांना भूशास्त्राचे धडे दिले. १९९७ सालीं त्यांचा अंत झाल्यावर त्यांच्या अस्थिभस्माचा अल्प भाग एका यानांतून पाठविण्यांत आला, आणि १९९९ च्या ३१ जुलैला तें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळून विसावलें. नाव्हाहो लोक चंद्राला पवित्र मानतात. मानवी अवशेष तेथें पाठविण्यास त्यांनीं हरकत घेतली, आणि अवकाशखात्यानें खेद व्यक्त करून पुढें सल्ला घेण्याचें आश्वासन दिलें. शूमेकर यांच्या प्रेमाविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु प्रेमानें उघडलेल्या दारांतून व्यापार कसा आंत शिरतो तें पुढें दिसलें. २०२४ च्या जानेवारींत एका खासगी यानांतून, पैसे घेऊन स्वीकारलेले अनेकांचे अस्थिकण चंद्रावर पाठविण्यांत आले. नाव्हाहो राष्ट्रानें पुन्हां हरकत घेतली. चंद्र कोणाच्याहि मालकीचा नाहीं, कोणत्याहि धर्माच्याहि नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांना व्यापाऱ्यांकडून मिळालें. यानाला गळती लागून तें चंद्रापर्यंत पोंचलेंच नाहीं, ही गोष्ट वेगळी.

या उत्तरावर वाचकांनीं घटकाभर थांबावें. चंद्र कोणाच्याच मालकीचा नाहीं, हें वाक्य अक्षरशः खरें आहे, आणि आम्हीहि हेंच सांगत आहों. पण व्यापाराच्या तोंडीं त्याचा अर्थ फिरतो. कोणाचाच नाहीं, म्हणून सर्वांनीं त्याच्याशीं जपून वागावें, असा एक अर्थ. कोणाचाच नाहीं, म्हणून आम्हांला विचारणारे तुम्ही कोण, असा दुसरा. पहिल्या अर्थानें १९६७ चा करार झाला. दुसऱ्या अर्थानें आज दुकानें उघडत आहेत. नाव्हाहोंनीं मालकी सांगितलीच नव्हती. त्यांनीं केवळ आदर मागितला होता. आदराच्या मागणीला मालकीचा दावा समजून फेटाळणें, आणि खऱ्या मालकीच्या दाव्याला गंमत समजून हंसणें, ही उलटी बुद्धि ज्या काळाला सुचली त्याच काळाचें प्रतिबिंब आम्हांस त्या हंसऱ्या चित्रपटांत दिसतें.

आतां आपल्या घरचा विचार. १९७९ सालीं 'चंद्र-करार' म्हणून एक दुसरा करार तयार झाला. चंद्र व त्यावरील द्रव्यें हा मानवजातीचा सामायिक वारसा आहे, आणि तो कोणत्याहि राष्ट्राची, संस्थेची वा व्यक्तीची मिळकत होणार नाहीं, असें त्यांत निःसंदिग्ध शब्दांत लिहिलें आहे. होप यांची पळवाट त्यानें पुरती बुजविली असती. अमेरिका, रशिया व चीन या तिघांनींहि त्यावर सही केली नाहीं, आणि तो पूर्णपणें स्वीकारणारीं राष्ट्रें विसांपेक्षांहि कमी आहेत. भारतानें १९८२ सालीं सही केली. परंतु तो करार पक्का करण्याचें पुढचें पाऊल चार दशकें लोटलीं तरी टाकलें नाहीं. मग २०२३ च्या जूनमध्यें भारतानें आर्टेमिस करारनाम्यावर सही केली, आणि दोनच महिन्यांनीं, २३ ऑगस्ट रोजीं, चंद्रयान-३ हें दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत सुखरूप उतरलें. त्या दिवशीं घराघरांत झालेला आनंद अगदीं रास्त होता. पण उतरण्याचा क्षण जितक्यांनीं पाहिला, त्यांच्या हजाराव्या हिश्श्यानें तरी दोन महिन्यांपूर्वींची सही पाहिली काय? एक सही म्हणते चंद्र हा सर्वांचा वारसा. दुसरी सही म्हणते ज्यानें काढलें त्यानें घ्यावें. दोन्ही सह्या आपल्याच. दोहोंचा मेळ कायदेपंडित कदाचित् घालून देतीलहि; परंतु आपलें राष्ट्र मनानें कोणत्या बाजूस उभें आहे, हें लोकांना समजलें पाहिजे, आणि ज्या संसदेंत लहानसहान करांवर दिवसचे दिवस वाद होतात तेथें या प्रश्नावर एक दिवस तरी वाद झाला पाहिजे.

ज्या देशाला दुसऱ्याच्या दप्तरांत बसून आपल्या जमिनी मोजल्या गेल्याचा अनुभव आहे, त्या देशानें तरी निर्धनी जमीन या शब्दापासून सावध राहावें. तेथें कोणीच राहत नव्हतें, आम्हीं येऊन ती उपयोगांत आणली, हें वाक्य पृथ्वीवर अनेक खंडांत ऐकूं आलें आहे, आणि बहुतेक ठिकाणीं तें खोटें होतें. चंद्रावर तें प्रथमच खरें आहे. तेथें खरोखर कोणी राहत नाहीं. परंतु चंद्रावर कोणी राहत नसलें तरी चंद्राखालीं सर्वच राहतात. संकष्टीच्या रात्रीं ज्याची वाट पाहत ताटें थांबून राहतात, ज्याच्या दर्शनावर ईदेचा दिवस ठरतो, ज्याच्या ओढीनें कोंकणच्या खाड्यांना भरती येते, त्याच्या बाबतींत तेथें न राहणाऱ्यांचाहि शब्द चालला पाहिजे.

सायमन एनिस यांचा चित्रपट ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. तरुणाच्या स्वप्नाला हंसूं आलें तर हंसावें. तें हंसूं निरुपद्रवी आहे. बीन यांच्या चित्रांपुढें थोडें अधिक थांबावें, कारण दिग्दर्शक पुरेसा थांबलेला नाहीं. पण खरेदीखत पडद्यावर आलें कीं हंसूं आवरून तें बारकाईनें वाचावें. त्यांत विकली जाणारी जमीन अगदीं लहान आहे आणि विकणारा माणूसहि लहान आहे; त्याच मसुद्याच्या मोठ्या प्रती आतां राजधान्यांतून निघूं लागल्या आहेत, आणि त्यांवर हंसण्याची सोय नाहीं. कोणी हौसेनें असलें खरेदीखत भेट म्हणून पुढें केलें, तर तें नम्रपणें परत करावें, आणि देणाऱ्याला गच्चीवर नेऊन वर बोट दाखवावें. तें दाखविण्यास अजून कोणाचा परवाना लागत नाहीं.